वर न केलेला हात हजारांना का दिसला

वाचकाचं पत्र :

ताई, नमस्कार.

मी मये गावची, वय सव्वीस, पणजीत एका खासगी कंपनीत हिशेबाचं काम करते. चार वर्षं एका मुलाशी माझं जमलं होतं. घरी कोणालाच माहीत नव्हतं. त्याला क्रूझ शिपवर नोकरी लागली आणि जायच्या आधी तो म्हणाला, माझी वाट बघू नकोस. त्या रात्री झोप येईना म्हणून मी फेसबुकवर लिहिलं. थोडक्यात असं : संध्याकाळची फेरीबोट, मी चोडणला निघालेली, तो रायबंदरच्या धक्क्यावर उभा. फेरी सुटली, त्याने हात वर केला, मी केला नाही. मधलं पाणी वाढत गेलं. घरी येऊन मी भात लावला. एवढंच.

माझ्या पोस्टना वीस-पंचवीस लाइक येतात. आजीच्या खतखत्यावर, म्हणजे मिश्र भाज्यांच्या आमटीवर, मी मन लावून लिहिलं होतं, ते कोणी वाचलंही नाही. ही पोस्ट मात्र आठवड्यात हजारोंनी शेअर केली. कोणीतरी गावांची नावं गाळून, मागे बासरी लावून त्याचं रील केलं. त्यावर माझं नाव नाही. ते फिरत फिरत आईच्या भजनी मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आलं आणि आईने मलाच पाठवलं, "वाच गे, कोणी लिहिलंय कोण जाणे, डोळ्यांत पाणी आलं."

आता रात्री अनोळखी माणसं मेसेज करून आपापल्या गोष्टी सांगतात. एकाने तर जगावंसं वाटत नाही असं लिहिलंय. कमेंटमध्ये त्या मुलाला शिव्या चालल्यात, काही जण तो कोण ते शोधतायत. एका मोठ्या पेजवाल्याने विचारलंय, आठवड्याला असं एक लिहून द्या, पैसे देऊ. आणि लाइक कमी होत गेले तसं मला पुन्हा रिकामं वाटायला लागलंय, त्याची लाज वाटते. ताई, हे एवढं का पसरलं? लोकांना दुसऱ्याचं दुःख आवडतं का? पोस्ट काढून टाकू, की लिहीत राहू?

— नाव नको, मये

उत्तर :

प्रिय बाय,

लोकांना दुसऱ्याचं दुःख आवडतं का, हा प्रश्न आधी घेते. तो विचारताना तुझ्या मनात कडवटपणा आलाय आणि तो तिथे मुरू नये असं मला वाटतं.

नुसतं दुःख लोक फारसं पुढे पाठवत नाहीत. जोना बर्जर आणि कॅथरीन मिल्कमन या संशोधकांनी न्यूयॉर्क टाइम्समधले सुमारे ७००० लेख घेतले आणि वाचक त्यातले कुठले लेख एकमेकांना ईमेलने पाठवतात ते तपासलं. हा अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. विस्मय, राग किंवा काळजी जागवणारे लेख जास्त गेले, उदास करणारे कमी. त्यांचं म्हणणं असं की राग, काळजी, विस्मय माणसाला उठवतात, काहीतरी करायला लावतात. उदासीने माणूस बसून राहतो, आणि बसलेल्याच्या हातून काही पुढे जात नाही. रोज रात्री कितीतरी जण तुटलेल्या मनाने लिहितात आणि ते लिहिलेलं तिथेच विरतं, त्याला वाचणारे निष्ठुर असतात हे कारण नव्हे. मग तुझं का पसरलं?

तू पाठवलेली पोस्ट मी पुन्हा पुन्हा वाचली. तिच्यात वेदना, विरह, धोका, बेवफाई यातला एकही शब्द नाही. तू रडलीस असंही तू लिहिलेलं नाहीस. त्याचा स्वभाव, त्याची चूक, चार वर्षांचा हिशेब, काहीच नाही. आहे तो एक क्षण, आणि त्या क्षणात अजून काहीतरी करता आलं असतं. फेरी सुटताना दोन काठांमधलं अंतर सुरुवातीला हातभरच असतं. त्याने हात वर केला आहे, पाणी वाढतंय आणि तुझा हात खालीच आहे. वाचणारा तिथे बसून राहू शकत नाही. त्याचा जीव वरखाली होतो, कर गं हात वर, अजून दिसतोय तो. वाचणाऱ्याला उठवलं ते या घालमेलीने.

आणि लगेच पुढे तू भात लावलास. मला विचारशील तर सगळी पोस्ट त्या वाक्यावर उभी आहे. जग थांबलं, आभाळ कोसळलं असं काही तू लिहिलं असतंस तर वाचणाऱ्याने मनात म्हटलं असतं की बिचारीला फार लागलंय, आणि बोट वर सरकवलं असतं. भात लावल्यावर ती पोस्ट त्याच्या स्वतःच्या घरात येते. कारण त्यानेही कधीतरी असंच केलंय. कोणाचा तरी शेवटचा फोन ठेवून दुकानाचं शटर उघडलंय, गोमेकॉतून (सरकारी इस्पितळातून) मयत घरी आणायच्या आधी गाडीत पेट्रोल भरलंय, पोरीची वेणी घातलीय. हे कोणी कोणाला सांगत नाही, कारण सांगण्यासारखं त्यात काही आहे असं वाटत नाही. तू ते सांगितलंस.

तू सव्वीस वर्षांची आहेस म्हणून तुला वाटलं असेल की प्रेमभंग झालेली तरुण मुलंच ही पोस्ट शेअर करतायत. तू मला कमेंटचे जे फोटो पाठवलेस ते नीट बघ. एका बाईने लिहिलंय, "माझो पूत गेल्लो तेन्ना," माझा मुलगा गेला होता तेव्हा. एकाने नुसतं कुवेत एवढंच लिहिलंय. गोव्यात धक्क्यावर, स्टेशनवर, दाभोळीच्या आणि आता मोपाच्या विमानतळावर उभं राहून कोणाला तरी जाताना बघितलं नाही असं घर शोधून काढावं लागेल. पिढ्यानपिढ्या माणसं बोटीवर गेली, मुंबईला गेली, आखातात गेली, पोर्तुगीज पासपोर्टवर लिस्बनला आणि तिथून इंग्लंडमधल्या स्विंडनला गेली. मागे राहिलेल्यांनी काय केलं? घरी येऊन भात लावला. तुझी पोस्ट त्यांनी वाचली तेव्हा त्यात मुलगा-मुलगी होती की आई-मुलगा, हे त्यांनी बघितलंही नसेल. गावांची नावं गाळून रील करणाऱ्याने तुझ्यावर अन्याय केला, पण नावं गेल्यावर ते दुःख आणखी मोकळं झालं, कोणीही येऊन त्यात उभं राहावं इतकं. आजीच्या खतखत्याला हे झालं नाही. मी ती पोस्टही वाचली आणि मला ती फार आवडली, पण ती तुझ्या आजीची आहे आणि तुझ्याच आजीची राहते. त्यात काही उणं नाही. पसरणं आणि चांगलं असणं या दोन गोष्टींचा तू एकमेकींशी संबंध लावू नकोस.

आपल्याकडे हे नवीन नाही. जात्यावर बसलेली बाई सासरचं, माहेरचं, नवऱ्याचं सगळं ओवीतून सांगायची. पौष महिन्यात धालोच्या मांडावर, म्हणजे बायकांच्या गाण्या-नाचण्याच्या अंगणात, बाया एकमेकींच्या कमरेत हात घालून गातात, त्यातही हे येतं. सासष्टीतल्या ख्रिस्ती घरांत मांडो हा गाण्याचा प्रकार होता, संथ, ताटातुटीने भरलेला. या सगळ्यात एक शहाणपण होतं. दुःख सगळ्यांच्या चालीत बसवलेलं असायचं, त्यामुळे हे तुझं का असं कोणी विचारत नसे. सांगणारी सांगून मोकळी व्हायची आणि झाकलेलीही राहायची. शिवाय एकदा मांडो झाला की मागून दुलपद यायचं, ठेका वाढायचा, पाय हलायला लागायचे. रात्र विलापावर सोडून द्यायची पद्धत नव्हती. फेसबुकवर तुझं नाव आहे, फोटो आहे, खाली आकडा आहे, आणि दुलपद नाही. पोस्ट संपली की खाली दुसऱ्या कोणाचं तरी दुःख येतं. यातला आकडा आणि झाकलेपणाचा अभाव, या दोन गोष्टींनी तुला त्रास दिलाय.

यंत्राचं थोडक्यात सांगते, कारण त्यात गूढ काही नाही. एखाद्या पोस्टपाशी माणूस किती वेळ रेंगाळतो हेही आपण धरतो, असं फेसबुकने २०१५ मध्येच जाहीर केलं होतं. इन्स्टाग्रामचे प्रमुख अ‍ॅडम मोसेरी यांनीही वेळोवेळी सांगितलंय की कोणी किती वेळ बघितलं, किती लाइक आले आणि किती जणांनी दुसऱ्याला खासगीत पाठवलं, या गोष्टींना वजन असतं. आता तुझ्या पोस्टचा विचार कर. लग्न झालेला एक माणूस ती वाचतो. त्याला कोणीतरी आठवते. तो लाइक करत नाही, कारण बायको बघेल, भाऊ बघेल. पण तो ती दोनदा वाचतो, आणि जुन्या एका मित्राला काही न लिहिता पाठवतो. हे मुके वाचक यंत्राला नीट दिसतात, आणि यंत्र ती पोस्ट आणखी अशाच माणसांपुढे नेऊन ठेवतं. तुझ्या हजारो शेअरमागे त्याहून कितीतरी जास्त असे लोक असतील. त्यातल्या कोणालाही तुझं दुःख आवडलं नाही. त्यांना आपलं ठेवायला जागा मिळाली.

आता अवघड भाग. तुला आवडणार नाही कदाचित, तरी वाच.

भरतमुनींनी नाट्यशास्त्रात दोन प्रकारचं दुःख वेगळं केलंय. एकात आशा पूर्ण संपलेली असते, तो करुण. दुसऱ्यात ताटातूट आहे, पण परत भेटीची अपेक्षा मनात तग धरून आहे, तो विप्रलंभ, आणि त्याला ते शृंगारातच धरतात, कारण त्याच्या तळाशी प्रेम अजून जिवंत असतं. तुझी पोस्ट या दुसऱ्या जातीची आहे. हात वर न करणारी मुलगी मनातून काठाकडेच बघते आहे, हे वाचणाऱ्याला कळतं. म्हणून कमेंटमध्ये सगळ्यात जास्त वेळा एकच प्रश्न आलाय : पुढे काय झालं? मला तुला विचारायचंय ते असं. ती पोस्ट लिहिताना, ती सार्वजनिक ठेवताना, शिपवरच्या वाय-फायमधून त्याने ती वाचावी असं तुला वाटत होतं का?

मला उत्तर कळवू नकोस. स्वतःला मात्र दे. उत्तर हो असेल तर त्यात वाईट काही नाही. पण मग ते एका माणसाला लिहिलेलं पत्र होतं आणि हजारोंनी ते वाटेत फोडून वाचलं. ज्याच्यासाठी होतं त्याच्याकडून काहीच आलं नाही, बाकी सगळ्यांकडून आलं. लाइक कमी झाल्यावर रिकामं का वाटतं, तेही मला इथेच दिसतं. चार वर्षं रात्री ठराविक वेळेला तुझा फोन उजळायचा तो त्याच्यासाठी. मग तो उजळायचा बंद झाला, आणि दोन दिवसांत अनोळखी लोकांनी तो पुन्हा उजळवला, शेकडो वेळा. शरीराला कळत नाही की हे कोण आहेत. आता तेही थांबलेत, म्हणजे तीच जागा तुझ्या हातून दुसऱ्यांदा रिकामी झाली. यात लाज कसली गं? हे कोणालाही लागलं असतं.

फक्त एक गोष्ट ओळख. गर्दीला ती गोष्ट अधांतरी राहायला हवी आहे, कारण अधांतरी असल्यामुळेच ती ओढते. तुला ती संपायला हवी आहे. पेजवाल्याने आठवड्याला एक मागितलं म्हणजे त्याने तुझ्याकडे काय मागितलं ते बघ : दर आठवड्याला तू पुन्हा त्या फेरीवर चढायचं आणि हात खाली ठेवायचा. जखम भरत आली की लिखाण फिकं पडणार, लिखाण फिकं पडलं की आकडा उतरणार, आणि तू नकळत खपली काढणार. पैसे घेऊन हे करायचं तुझं वय नाही आणि ही वेळ तर नाहीच नाही.

मग लिहूच नको का? लिही. लिहिणं थांबवायला मी कधीच सांगणार नाही, त्यातून तुझ्यासारख्या मुलीला तर नाहीच. पण कुठे आणि काय, याचा विचार कर. मनातलं लिहून काढल्याने बरं वाटतं, हे जेम्स पेनेबेकर या मानसशास्त्रज्ञाच्या १९८६ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगापासून बरंच बोललं जातं. त्या प्रयोगातल्या विद्यार्थ्यांनी सलग चार दिवस रोज पंधरा मिनिटं लिहिलं होतं, आणि ते कोणाला दाखवण्यासाठी नव्हतं. कमेंट नव्हत्या, आकडा नव्हता. ही अट लोक विसरतात. दुसरा अभ्यास डेव्हिड स्बारा आणि सहकाऱ्यांचा, २०१३ मधला. नुकतेच जोडीदारापासून वेगळे झालेले ९० जण त्यात होते. ज्यांना हे का झालं, याचा अर्थ काय, असं सतत उकरत राहायची सवय होती, त्यांनी भावना लिहिल्या तर काही महिन्यांनी ते उलट जास्त त्रासात दिसले. दिवसभरात काय काय केलं एवढंच ज्यांना लिहायला सांगितलं होतं, त्यांचं तुलनेने बरं चाललं होतं.

तू पाठवलेल्या पत्रात, मी इथे छापलं नाही त्या भागात, का हा शब्द फार वेळा आलाय. का गेला, का असं म्हणाला, मी का हात वर केला नाही. म्हणून तुला माझा सल्ला आहे की सध्या का लिहू नकोस. एक वही घे, मोबाइल नको. सकाळी किती वाजताची फेरी मिळाली, ऑफिसात काय झालं, बाजारात बांगडे काय भावाने होते, घरी काय शिजलं. तुझा हात तिथेच चालतो, हे तुझ्याच पोस्टने दाखवलंय. आणि त्याचं प्रोफाइल उघडून बघू नकोस. इथन क्रॉस आणि सहकाऱ्यांनी २०११ साली, मनाविरुद्ध नातं तुटलेल्या ४० जणांना त्या माणसाचा फोटो दाखवून मेंदूची चित्रं घेतली, तेव्हा शारीरिक वेदनेशी जोडलेले भागही जागे झालेले दिसले. दुखतं हे तुला माहीतच आहे. मुद्दाम जाऊन दुखवून घ्यायचं नाही, एवढंच म्हणते. त्याला अनफ्रेंड करायची गरज नाही, काही काळ म्यूट कर.

आता पोस्टचं. रागाने किंवा घाबरून डिलीट करू नकोस. पुढे कधी ती आपली म्हणून पुन्हा हवीशी वाटेल. आधी मजकूर वहीत उतरवून ठेव. मग पोस्टची सेटिंग सार्वजनिकवरून मित्रांपुरती कर. ज्यांनी थेट शेअर केलीय त्यांच्याकडेही मग ती बाहेरच्यांना उघडणार नाही. कॉपी करून फिरवलेलं तुझ्या हातात नाही, ते आपोआप ओसरेल. हे आजच कर, आणि ते तुझ्यासाठी जितकं तितकंच त्या मुलासाठी कर.

त्याच्याबद्दल दोन शब्द मला बोलायलाच हवेत. तू त्याला कुठेही वाईट म्हटलेलं नाहीस, कमेंटमधले लोक म्हणतायत. राजकीय विषयांवरच्या लाखो ट्वीटचा एक अभ्यास २०१७ साली आला होता, विल्यम ब्रॅडी आणि सहकाऱ्यांचा. नीती-अनीतीची भावना चेतवणारा एकेक शब्द ट्वीटमध्ये वाढला की ते साधारण २० टक्क्यांनी जास्त पसरत होतं. विषय वेगळा असला तरी तुझ्या पोस्टखाली मला तेच होताना दिसतं. तू सांगितलास तो क्षण, आणि खाली भरलं न्यायालय. लोकांनी आपापल्या गुन्हेगारांचे चेहरे त्याला लावले. आणि गोवा केवढा? २०११ च्या जनगणनेत साडेचौदा लाख लोक. रायबंदरचा धक्का, क्रूझ शिपची नोकरी, हे वर्ष, मयेची मुलगी, एवढ्या खुणांवर म्हापशाच्या बाजारात उभं राहून कोणीही त्याचं घर शोधून काढेल. तिथे त्याची आई असेल, कदाचित लग्नाची बहीण असेल. वाट बघू नकोस असं सांगून जाणं कठोर आहे, पण ते तोंडावर सांगून गेलेल्या मुलाला हे भोगावं लागू नये. एकच कमेंट तुझ्या नावाने टाक : "तो वाईट माणूस नाही. कृपया त्याला शोधू नका." ही कमेंट पोस्ट मित्रांपुरती करायच्या आधी टाक, म्हणजे बाहेरच्यांनाही ती दिसेल.

रीलबद्दल : तू लिहिलेला मजकूर कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार तुझाच आहे, कुठे नोंदणी केलेली नसली तरी. इन्स्टाग्रामवर कॉपीराइटची तक्रार करायचा फॉर्म आहे, तो भरून ते काढायला लावता येतं. फक्त तक्रारीत तुझं नाव द्यावं लागतं आणि ते समोरच्याला कळू शकतं. म्हणून त्याआधी एक काम आहे, आईचं.

आईला सांग. दुसऱ्या कोणी सांगायच्या आधी सांग. भजनी मंडळात आज ना उद्या कोणाच्या तरी मुलीला मूळ पोस्ट सापडेल आणि मग तुझ्या आईला ते चारचौघांत कळेल. तो अपमान तिला होऊ देऊ नकोस. चार वर्षं लपवलंस याचा तिला राग येईल, एखादा दिवस ती बोलणारही नाही. पण ती सुरुवातीलाच तुझ्या बाजूला येऊन बसलेली आहे, हे तुझ्या लक्षात आलंय का? कोण, कुठली, जात काय, घराणं काय, यातलं काही माहीत नसताना तिला त्या मुलीसाठी रडू आलं. एवढी मोठी सवलत फार कमी मुलींना मिळते. सगळं एका बैठकीत सांगायची गरज नाही. तिने पाठवलेला तो मेसेज उघड, तिच्यापुढे धर आणि म्हण, हे मी लिहिलंय. मग तिला विचार की वाचताना तिला कोण आठवलं होतं. विचारच, सोडू नकोस.

रात्री येणाऱ्या मेसेजचं मला सगळ्यात जास्त वाटतं. तुझ्या चार ओळी वाचून माणसं तुला आपली समजतात, हे खरं आहे आणि त्यांचं दुःखही खरं आहे. पण तू स्वतः अजून सावरलेली नाहीस. सगळ्यांना उत्तर द्यायला तू बांधील नाहीस, बहुतेकांना उत्तर नकोही असतं, सांगून टाकायचं असतं. रात्री दहानंतर इनबॉक्स उघडूच नकोस. जगावंसं वाटत नाही असं ज्याने लिहिलंय त्याला मात्र आजच उत्तर दे, आणि असं कोणाचंही आलं तर लगेच दे. गोलगोल बोलू नकोस. सरळ विचार, "तुम्ही आत्ता सुरक्षित आहात का? जवळ कोणी आहे का?" विचारल्याने डोक्यात नसलेला विचार येतो ही समजूत चुकीची आहे. त्याला १४४१६ हा टेली-मानसचा नंबर दे. मानसिक आरोग्यासाठीची सरकारी सेवा आहे, चोवीस तास, मोफत, मराठीतूनही बोलता येतं. गोव्यातला असेल तर बांबोळीच्या मानसोपचार इस्पितळात जाता येतं हे सांग. आत्ताच काही करून घेईल असं वाटलं तर ११२ लाव आणि तुला जेवढी माहिती आहे तेवढी त्यांना दे. यापलीकडचं ओझं तुझं नाही. घरातलं एखादं मोठं माणूस, नाहीतर ऑफिसातली विश्वासाची मैत्रीण, हे मेसेज वाचताना शेजारी असू दे. आणि तुलाही झोप, भूक महिनाभर धड आली नाही तर तोच नंबर तुझ्यासाठीही आहे. तुझं काही बिघडलंय म्हणून हे सांगत नाही, तेवढ्यासाठीच तो असतो.

राहिला पेजवाला. त्याला टाळत बसू नकोस, नाहीतर तो रोज विचारेल आणि एखाद्या एकट्या रात्री तू हो म्हणशील. असं लिही : "विचारल्याबद्दल आभार. सध्या मी या विषयावर लिहिणार नाही. माझी आधीची पोस्ट किंवा तिचा कुठलाही भाग माझ्या लेखी परवानगीशिवाय वापरू नये. पुढे दुसरं काही लिहिलं आणि द्यावंसं वाटलं तर मीच कळवेन." तेवढं पाठव आणि ते संभाषण आर्काइव्ह कर. आजीच्या खतखत्याची पोस्ट मात्र मला आमच्या रविवारच्या पुरवणीसाठी दे. त्यात मुळा आणि तोर किती घालायचे ते तू लिहिलेलं नाहीस, तेवढं आईला विचारून भर आणि येत्या बुधवारपर्यंत पाठव.

तुझी,
ताई